लक्ष्मीबाई टिळक, घरातले सोवळे आणि मनातली माणसे

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. नांदेड जिल्ह्यातून तेलंगणात गेलेली गोदावरी इथे, आपल्या तालुक्याच्या कडेने, पुन्हा एकदा महाराष्ट्राची शीव धरून वाहते. हीच नदी त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिककडे येते तेव्हा तिच्या काठी जलालपूर हे गाव लागते. त्या गावात १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरात ती मनू. पुढे कवी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन ती लक्ष्मीबाई टिळक झाली आणि उतारवयात तिने ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी त्यातला एखादा उतारा वाचलेला असतो आणि तो वाचून ते हसलेलेही असतात.

आरोग्याच्या लेखात हे चरित्र कशासाठी, असे वाटेल. कारण सांगते. लहानपणी घरात भीतीच्या सावटाखाली वाढलेली माणसे दवाखान्यात येतात ती बहुधा वेगळ्याच तक्रारी घेऊन. डोके दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, लहानसहान गोष्टीवरून राग अनावर होतो. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी, सगळे ठीक निघते. नीट वेळ देऊन बोलले की मग कुठे दारू पिऊन मारणारा बाप निघतो, कुठे सहाव्या वर्षी घरापासून लांब आश्रमशाळेत काढलेल्या रात्री, कुठे पुरात गेलेले घर, कुठे गावात झालेला गोळीबार. आणि एवढे सांगून झाल्यावर पेशंट म्हणतो की आता हा माझा स्वभावच झाला आहे, ह्याला औषध नाही.

ही समजूत बरोबर नाही. ती का बरोबर नाही हे समजायला लक्ष्मीबाईंचे आयुष्य फार उपयोगी पडते. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: ह्या लेखात ज्या उपचाराची माहिती आहे तो लक्ष्मीबाईंच्या काळी नव्हता, त्यांनी तो घेतलेला नाही, आणि गेलेल्या माणसांना दीडशे वर्षांनी आजाराची नावे चिकटवणे डॉक्टरला शोभत नाही. त्यांचे आयुष्य इथे उदाहरण म्हणून घेतले आहे, केस म्हणून नाही.

एक फाशी आणि धुतलेले मीठ

मनूच्या जन्माआधीची गोष्ट. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, इंग्रजांनी फाशी दिली. घरावर कोसळलेला हा घाव प्रत्येकाने आपापल्या परीने सोसला. मनूचे वडील, म्हणजे जोगळेकरांचे जावई, ज्यांना घरात नाना म्हणत, त्यांच्या मनावर तो विचित्र रीतीने उमटला. सासऱ्यांच्या देहाला त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांचे हात लागले, विटाळ झाला, हा धसका त्यांनी घेतला आणि तेव्हापासून सोवळे त्यांच्या अंगात शिरले. लक्ष्मीबाईंनी स्वतःच आपल्या घरातल्या सोवळ्याचे मूळ ह्या फाशीपाशी नेले आहे.

सोवळे तेव्हा सगळ्याच ब्राह्मण घरांत होते. नानांचे सोवळे त्या काळच्या लोकांनाही अति वाटेल असे होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य धुणे समजू शकते, पण मिठासारखी पाण्यात विरघळून जाणारी वस्तूही ह्यातून सुटत नसे. लक्ष्मीबाईंनी हे इतक्या मजेने सांगितले आहे की वाचताना हसू आवरत नाही. पुस्तक मिटल्यावर मात्र डोळ्यांसमोर येते ते वेगळे चित्र. त्या घरातल्या आईचा दिवस कसा जात असेल? कशाला शिवलो, कुठे बसलो, काय तोंडात टाकले ह्याचा हिशेब सतत डोक्यात ठेवणारी पोरे कशी वाढली असतील? बाप मारत नाही, पण बापाची भीती घराच्या हवेतच आहे.

आज एखादे कुटुंब अशी लक्षणे घेऊन आले तर आम्ही मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा, विचार करू, आणि भयंकर प्रसंगानंतर मनावर राहिलेल्या आघाताचाही करू. दोन्हींवर आज उपचार आहेत. पण इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी. नानांच्या सोवळ्याला आपण आजार म्हटले म्हणून त्यातला जातीचा भाग निरुपद्रवी ठरत नाही. विटाळ ज्यांचा मानला जात होता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काय भोगले ते वेगळे सांगायला नको. एका माणसाच्या भीतीला समाजाने आयते हत्यार हातात दिले होते, एवढेच म्हणता येईल.

आघात एका पिढीत संपत नाही, तो हा असा. फाशी आजोबांना झाली, वेड लागले वडिलांना आणि धास्तीत वाढली मनू, जिने आजोबांना पाहिलेही नव्हते. बालपणातल्या आघाताचे परिणाम शरीरावरही होतात हे १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. त्या अभ्यासमालेत १७,००० हून अधिक लोक होते. घरात मारहाण, व्यसन, दुर्लक्ष, मानसिक आजार अशा गोष्टी जितक्या जास्त, तितके मोठेपणी नैराश्य, व्यसने आणि हृदयविकारासारखे आजारही जास्त, असे त्यात आढळले.

मनातली मंडळी

आता उपचाराकडे येऊ. आपण मराठीत सहज म्हणतो की एक मन म्हणते जा, एक मन म्हणते नको. अंशाधारित मानसोपचाराची सुरुवात नेमकी इथून होते. ह्यातली सर्वांत माहीत असलेली पद्धत म्हणजे ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, थोडक्यात आयएफएस. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मुळात कुटुंबांवर उपचार करत. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की पेशंट आपल्या मनाबद्दल बोलताना घरातल्या माणसांबद्दल बोलावे तसे बोलतात: एक भाग सारखा ओरडतो, एक रडतो, एक सगळे झाकून ठेवतो. मग त्यांनी मनाकडे एक कुटुंब म्हणूनच पाहायला सुरुवात केली.

ह्या कुटुंबात, त्यांच्या मते, तीन प्रकारची मंडळी असतात. काही लहान, दुखावलेली, घाबरलेली असतात. त्यांच्याजवळ जुन्या प्रसंगांचे दुःख साठलेले असते आणि ते सहन होत नाही म्हणून मनाने त्यांना आतल्या खोलीत कोंडलेले असते. दुसरे असतात कारभारी. पुन्हा तसे काही घडू नये म्हणून ते सतत पहारा देतात: सगळे धुऊन घे, सगळ्यांना खूश ठेव, चूक होऊ देऊ नकोस, कोणावर विश्वास ठेवू नकोस. आणि तरीही आतले दुःख वर आलेच, तर तिसरे धावून येतात, आग लागल्यावर बंब धावतो तसे. दारू, संतापाचा झटका, दिवसभर मोबाइल, खात सुटणे, कधी स्वतःला इजा करणे. आग विझते, घर भिजते.

ह्या सगळ्यांपलीकडे माणसात एक शांत, जाणते मीपण असते आणि ते कितीही वाईट बालपणाने मोडून जात नाही, असे ही पद्धत मानते. उपचार करणारा त्या मीपणाला पुढे यायला मदत करतो. मग पेशंट स्वतःच आपल्या आतल्या कारभाऱ्याशी बोलतो: तू हे काम कधीपासून करतोस, हे थांबवलेस तर काय होईल अशी तुला भीती आहे, तू कोणाला सांभाळतो आहेस? कारभाऱ्याचा विश्वास बसला की तो बाजूला सरतो आणि आत कोंडलेल्या लेकराची भेट होते.

नानांच्या सोवळ्याकडे ह्या नजरेने पाहा. बाहेरून ते जुलमी दिसते. आतून ते एका हादरलेल्या माणसाचे कारभारी आहे. सासऱ्याचा लोंबता देह, आपल्या हातात काहीच नव्हते ही जाणीव, आणि मग निदान घरात येणारी प्रत्येक वस्तू तरी माझ्या हाताखालून स्वच्छ होऊन जाईल असा हट्ट. पाण्याने न धुतली जाणारी गोष्ट पाण्याने धुण्याचा हा प्रयत्न होता. असा कारभारी शिव्या दिल्याने जात नाही. घरच्यांनी चेष्टा केली, रागावले, डबे लपवले, तर तो आणखी कडक होतो. ओसीडी असलेल्या पेशंटच्या घरी हे रोज घडते. तिथे घरच्यांनी भांडायचेही नाही आणि प्रत्येक वेळी हात धुण्यात सामीलही व्हायचे नाही. मधला मार्ग डॉक्टरांकडून शिकून घ्यावा लागतो.

दुसरे दुखावलेले मूल

अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले. ज्याच्याशी झाले तोही दुखावलेल्या घरातूनच आला होता. नारायण टिळकांचे वडील अत्यंत तापट होते. आईवर नारायणाचा जीव होता आणि तिला वडिलांच्या हातून भोगावे लागलेले त्याने पाहिले होते. आई गेल्यावर कोवळ्या वयातच तो घर सोडून बाहेर पडला, नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेल्यांसारख्या विद्वानाच्या हाताखाली शिकला.

असा मुलगा मोठा होतो तेव्हा कसा होतो? टिळक विद्वान होते, उदार होते, हातातले कोणालाही देऊन मोकळे होत. आणि एका जागी टिकत नसत. नोकरी धरायची, सोडायची, न सांगता निघून जायचे, गाव बदलायचे. राग येई तो कडाक्याचा, आणि उतरला की तितकेच प्रेम. बायको-मुलांना आज कुठे आहोत आणि उद्या कुठे असू ह्याचा पत्ता नसे. घर म्हणजे जिथून निघून गेलेच पाहिजे अशी जागा, हे ज्याने बालपणी शिकले त्याचे पाय मोठेपणीही दारातच असतात. टिळकांच्या भटकण्याचे एवढेच कारण होते असे मी म्हणणार नाही; ते कवी होते, धर्माचा शोध घेत होते. पण नवरा-बायकोत वाद होतो तेव्हा पुष्कळदा दोन मोठी माणसे भांडत नसतात, त्यांच्या आतली दोन घाबरलेली पोरे भांडत असतात, हे जोडप्यांबरोबर काम करताना फार वेळा दिसते. एक निघून जाते, दुसरे धरून ठेवते.

ह्याच टिळकांनी लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवले. हेही त्याच माणसातले होते. आपल्या घरातल्या कोणाबद्दल तो असाच आहे असे एका शब्दात बोलण्याआधी हे आठवावे.

संसारात दुःखांना तोटा नव्हता. काही मुले लहानपणीच गेली. दत्तू, म्हणजे देवदत्त, वाचला. नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे झाली. राजनांदगावला जाताना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना बायबल दिले आणि तिथून त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळू लागले.

पाच वर्षे

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला ह्याचा अर्थ काय होता हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. नवरा जिवंत आहे आणि तरी गेला आहे. त्याच्या हातचे पाणी चालत नाही. त्याच्याजवळ जायचे तर आई-बापाचे, बहीण-भावाचे सगळे दार बंद. लहान मूल कडेवर.

लक्ष्मीबाई खचल्या. जवळजवळ पाच वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातलगांकडे राहिल्या, त्यात काही काळ पंढरपूरला. ह्या काळात त्यांना ज्या माणसांनी सावरले त्यांत त्यांची थोरली बहीण भिकुताई सर्वांत पुढे होती. बालपणीचा आघात झालेली कोणती माणसे पुढे बरी उभी राहतात ह्यावर जगभर अभ्यास झाले आहेत, आणि त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: निदान एक तरी माणूस असे असते जे कायम आपल्या बाजूचे असते. आजी, बहीण, मामा, शाळेतल्या बाई. नाते कोणते ते महत्त्वाचे नाही. आपल्या भागात एकत्र राहणाऱ्या घरांत अशी माणसे असतात, पण त्यांना स्वतःला ठाऊक नसते की आपण किती मोठे काम करतो आहोत. पेशंटबरोबर दवाखान्यात येऊन बाहेर बाकावर बसून राहणारी आत्या ही उपचाराचाच भाग आहे.

पत्रे चालू होती. शेवटी लक्ष्मीबाई टिळकांकडे राहायला गेल्या, अहमदनगरला. पण आपला धर्म ठेवून, आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे. आणि टिळकांनी, त्या रागीट, उतावळ्या माणसाने, हे मान्य केले. एका घरात दोन धर्म आणि दोन चुली नांदू लागल्या.

ह्या चरित्रातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी जागा हीच आहे. म्हणून इथे थोडे थांबते.

लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याला पुढे कितीही हसल्या तरी विटाळाची भीती त्यांच्याही अंगात मुरलेली होती. लहानपणापासून तीच हवा घेतली होती. ती वेगळी चूल हा त्यांचा कारभारी होता. सगळे जग पालथे झाले असताना तेवढी एकच गोष्ट त्यांच्या ताब्यात उरली होती. कोणी ती चूल लाथेने उडवून दिली असती तर काय झाले असते? बहुधा त्या माघारी फिरल्या असत्या, कायमच्या. कोणी ती उडवली नाही. मग त्या चुलीपाशी बसून त्यांना बाकीचे जग निवांत पाहता आले: वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसे, त्यांची दुखणी, त्यांची माया, आपल्या मुलाला उचलून घेणारे त्यांचे हात.

आणि एका रात्री जातिभेदाचा विचार करता करता त्यांना उमगले की ह्या भिंती माणसांनी घातल्या आहेत, देवाने नाही. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. हे एका रात्रीत घडले असे वाचताना वाटते. त्या रात्रीच्या मागे किती दिवसांची सुरक्षितता होती हे विसरू नये. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. धर्म कोणता हा आपल्या लेखाचा विषय नाही. सोवळे कसे सुटले हा आहे: ते कोणी हिसकावले नाही, लक्ष्मीबाईंनीच त्याला कामातून मोकळे केले.

आयएफएसचे उपचारकही हेच करू पाहतात. दारू सोड, राग सोड, हात धुणे सोड असा धोशा न लावता आधी त्या सवयीला विचारायचे की तू कोणाला वाचवते आहेस. आतले लेकरू सुरक्षित झाले की पहारेकऱ्याला रात्रभर जागायचे कारण उरत नाही.

पुढे राहुरी-नगरच्या बिऱ्हाडांत टिळक पती-पत्नींनी परक्यांची पोरे आपली म्हणून सांभाळली. तारा नावाच्या मुलीला त्यांनी लेक मानले. ज्या घरात बाहेरचे मीठसुद्धा धुतल्याशिवाय येत नव्हते त्या घरातल्या मनूच्या घरात आता बाहेरचे पोर सरळ मांडीवर येऊन बसत होते.

हा उपचार कोणासाठी, कोणासाठी नाही

आता डॉक्टर म्हणून थोडे कोरडे बोलते. आयएफएसची आज जगभर चर्चा खूप आहे, पुरावा त्या मानाने अजून थोडा आहे. बालपणी अनेक आघात झालेल्या, पीटीएसडी असलेल्या १७ प्रौढांवरचा एक प्राथमिक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम आशादायक होते, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढ्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर ह्या पद्धतींचा पुरावा ह्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. ओसीडीवर वेगळी, ठरलेली वर्तनोपचाराची पद्धत आणि औषधे आहेत. नैराश्य जास्त असेल तर औषधे लागतात, आणि ती घेणे म्हणजे हार नव्हे. अंशांची भाषा ह्या सगळ्यांच्या जोडीला चांगली चालते, कारण पेशंटला ती लगेच समजते. मी वाईट आहे ह्याऐवजी माझ्यातला एक भाग घाबरला आहे, एवढा बदल झाला तरी माणसाला स्वतःशी बोलायला जागा मिळते.

सावधगिरीही आहे. ज्यांना कोणी नसताना आवाज ऐकू येतात, संशय घट्ट बसलेले आहेत, मधला काळच आठवत नाही असे वारंवार होते, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, त्यांनी हे पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून स्वतःवर करू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मनात अंश असणे म्हणजे अंगात येणे नव्हे आणि दुभंग व्यक्तिमत्त्वही नव्हे. सगळ्यांच्याच मनात असे भाग असतात. आणि कोणताही उपचारक पहिल्याच भेटीत जुन्या आठवणी उकरायला लावत असेल, किंवा न आठवणारे काही घडलेच असेल असे पेशंटच्या मनात भरवत असेल, तर तिथून उठावे. ज्या घरात मारहाण अजून चालूच आहे तिथे आधी सुरक्षितता लागते, मनाचे काम नंतर.

घरी बसून करता येईल असे थोडे आहे. राग किंवा भीती चढली की क्षणभर थांबून ती शरीरात कुठे जाणवते ते पाहावे: छातीत, घशात, पोटात. तिला घालवू नये. तू मला कशापासून वाचवते आहेस, एवढेच मनात विचारावे आणि उत्तर आले नाही तरी चालेल असे समजावे. दोन-चार मिनिटे पुरे. जुने प्रसंग वर येऊ लागले, श्वास कोंडला, तर डोळे उघडावेत, पाय जमिनीवर टेकवावेत, समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, पाणी प्यावे. घरच्यांनी एवढेच करावे: जुने झाले, विसर आता, हे वाक्य बोलू नये. शेजारी बसावे.

आपल्याकडे भाषेचा प्रश्न मोठा आहे. सिरोंचा तालुक्यात घरात तेलुगू किंवा माडिया, शाळेत मराठी, असे चालते. बालपणीचे दुःख ज्या भाषेत झाले त्या भाषेत ते बोलावे लागते. आईने तेलुगूत दिलेली शिवी मराठीत सांगताना तिची धार जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की फारसे काही नव्हतेच. म्हणून उपचारकाला आपली घरची भाषा आधी सांगावी, दुभाष्या लागत असेल तर तो घरातला नसावा. गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय इथून सुमारे २०० किलोमीटर. तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि औषधे मिळतात. पुष्कळ जण पूल ओलांडून मंचेरियाल, वरंगळकडे जातात, तेही चालेल, फक्त कागद एकत्र ठेवावेत. निघण्याआधी बोलायचे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीप्रमाणेच तेलुगूतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल तर उद्याची वाट न पाहता ह्याच क्रमांकावर फोन करावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

लिहून काढलेले बालपण

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे दीर्घकाव्य सुरू केले होते, ते अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांनीच रचले. लग्नाआधी अक्षर न ओळखणाऱ्या बाईने.

मग देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या आणि टिळकांच्या आधी जलालपूरचे घर वर आले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला.

आघात झालेल्यांना लिहायला सांगतात, ते सगळ्यांनाच मानवते असे नाही. काहींना लिहिताना सगळे पुन्हा भोगल्यासारखे होते, त्यांनी थांबावे. लक्ष्मीबाईंना ते का मानवले असावे? त्या पुस्तकात नाना येतात ते राक्षस म्हणून येत नाहीत आणि देवही होत नाहीत. मीठ धुणारा बाप हास्यास्पद आहे, आणि सासऱ्याच्या फाशीने हादरलेला तोच माणूस कीव करावी असा आहे. दोन्ही एकाच पानावर मावतात. टिळकांचेही तसेच. त्यांच्या संतापाचे, विक्षिप्तपणाचे प्रसंग लपवलेले नाहीत आणि प्रेमही कमी केलेले नाही.

विनोदाबद्दल एक शंका मात्र मनात ठेवावी. आमच्यासमोर बसून बालपणीची मारहाण हसत हसत सांगणारे पेशंट पुष्कळ येतात. ते हसू कारभारी असते. रडू येऊ नये म्हणून दारात उभे केलेले. लक्ष्मीबाईंचे हसू मला तसे वाटत नाही. त्यांची मुले गेली, नवरा सोडून गेला, त्या पानांवर त्या हसत नाहीत. तिथे दुःख दुःखाच्या जागी आहे. हसायचे कुठे आणि कुठे नाही हे त्यांना कळते. आतली घाबरलेली मनू तेव्हा खोलीत कोंडलेली नव्हती, शेजारी येऊन बसली होती, असे मला ते पुस्तक वाचताना वाटते. हे वैद्यकीय मत समजू नये, वाचकाचे समजावे.

१९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या कवयित्री संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. शेवटची वर्षे नाशिकला, गोदावरीकाठीच गेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा आठवणींचे लिखाण अजून चालूच होते.